४५ प्रश्न आणि एक समास

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते : मुलांवरच्या संशोधनात नेमकं काय मोजायचं, हे घरच्यांना विचारायचं आम्हाला फार उशिरा सुचतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचे बाकीचे प्रश्न मी सरळ पुढे ढकलले. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ऑटिझम, रेट सिंड्रोम (बहुतेक मुलींमध्ये दिसणारी, बोलणं आणि हातांचा वापर हिरावणारी जनुकीय अवस्था), फ्रॅजाइल एक्स, एडीएचडी अशा, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्थांवरच्या अभ्यासांत गेली १४ वर्षं मूल्यमापक म्हणून काम करते. म्हणजे औषध देणारी नव्हे, फॉर्म भरून घेणारी. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, तिला रेट सिंड्रोम आहे. एका अभ्यासात आम्ही तिचं नाव घातलंय. दर तीन महिन्यांनी तीच ४५ प्रश्नांची यादी पुढ्यात येते. हात चोळते का, श्वास रोखून धरते का, रात्री कारण नसताना किंचाळते का. मी निमूट खुणा करते. गेल्या महिन्यात तिने समोरच्या दोन चित्रांपैकी एकाकडे मुद्दाम मान वळवून बघितलं आणि मी ते चित्र हातात घेईपर्यंत नजर हलवली नाही. हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती. मग असले फॉर्म भरायचे तरी कशाला? (एक आई)

तो फॉर्म मला तोंडपाठ आहे, म्हणून आधी त्याची जन्मकथा सांगते. रेट सिंड्रोम बिहेवियर क्वेश्चनेअर २००२ साली प्रसिद्ध झाला. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या इतर मुलींपेक्षा रेटच्या मुलींचं वागणं कुठे वेगळं पडतं, हे ओळखायला तो केला होता. ओळख पटवायची यादी पुढे बदल मोजायच्या कामाला जुंपली गेली, आणि घोळ तिथून सुरू झाला. जे लक्षण रेट ओळखायला उपयोगी, ते औषधाने हलेलच असं नाही. हललं तरी त्याने घरात कुणाचा दिवस सोपा होईल, असंही नाही.

आता आकडे बघा. दर प्रश्नाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे फार तर ९०. जितके कमी तितकं बरं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामकाने, ट्रोफिनेटाइडला मान्यता दिली. रेटसाठीचं ते पहिलंच औषध, आणि ते आलं याचा आनंद मलाही झाला. त्यामागच्या मोठ्या चाचणीत ५ ते २० वर्षांच्या १८७ मुली होत्या आणि ती १२ आठवडे चालली. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी ४.९ ने उतरले, प्लासीबो, म्हणजे औषध नसलेलं पण तसंच दिसणारं द्रव्य, घेणाऱ्यांचे १.७ ने. फरक ३.२ चा. हा फरक योगायोगाचा नाही, हे संख्याशास्त्राने दाखवलं. पण ३ गुण म्हणजे घरात काय? तर तीन प्रश्नांवरची खूण ‘बरेचदा’वरून ‘कधीकधी’वर सरकली. कुठले तीन, ते सरासरी सांगत नाही. हात चोळणं कमी झालं असेल, तर ते आल्यागेल्याला दिसेल. रात्रीचं किंचाळणं कमी झालं असेल, तर तुम्हाला झोप मिळेल. बेरजेत दोन्हींची किंमत एकच.

त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे ८० टक्के मुलींना जुलाब झाले, प्लासीबोच्या गटात १९ टक्क्यांना. जुलाब ‘दुष्परिणाम’ या वेगळ्या तक्त्यात जातात, ४५ प्रश्नांच्या बेरजेत त्यांचा संबंध येत नाही. चादरी बदलणारी आई मात्र दोन्ही तक्त्यांना मिळून एकच असते.

तुमच्या मुलीच्या नजरेला जागा का नव्हती, याचंही उत्तर इथेच आहे. रेटच्या पालकांना सगळ्यात जास्त काय छळतं हे विचारलं गेलं आहे. मनातलं सांगता न येणं, फिट येणं, चालताना तोल जाणं, हातांचा वापर न होणं, बद्धकोष्ठता ही उत्तरं वरच्या क्रमांकावर आहेत. संवादासाठी त्या चाचणीत एक वेगळी यादी होती, पण ती मुळात ६ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठी केलेली. दुसरी हाताशी नव्हती म्हणून वापरली गेली. १६ वर्षांची मुलगी नजरेने ‘हे नको, ते’ म्हणते, ते पकडायला बाळांची यादी! एंजलमन सिंड्रोम या, बहुतेक मुलं बोलत नाहीत अशा जनुकीय अवस्थेच्या बाबतीत काहींनी उलट्या टोकाने सुरुवात केली. मूल बोलत नसेल तर मागतं कसं, नाही कसं म्हणतं, लक्ष कसं वेधून घेतं, हे आधी पालकांकडून ऐकलं आणि मग ‘ओर्का’ नावाची संवादाची यादी बांधली. पुढे ती रेटसाठीही जुळवून घेतली गेली.

तेव्हा फॉर्म सोडू नका. पुढच्या खेपेला मूल्यमापकाला एवढंच विचारा, ‘तुमच्या अभ्यासात संवाद कशाने मोजताय?’ माझ्यासमोर हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी फाइल उघडून बघितली होती. उत्तर मलाच ठाऊक नव्हतं.

मुलगा ७ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी व्हाइनलँड चाचणीत ६८ गुण होते, आता ६३. अहवालात ‘घट’ असा शब्द आहे. पण या दोन वर्षांत तो शर्टाची बटणं लावायला लागला, नाव विचारलं तर सांगतो, रस्ता ओलांडताना हात धरतो. आमचे डोळे खोटे की कागद? (एक वडील)

दोघंही खरे. कागद वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय, इतकंच.

व्हाइनलँड म्हणजे रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजणारी चाचणी. तिचे हे गुण वयाच्या बरोबरीच्या मुलांशी तुलना करून काढतात. सरासरी १०० धरलेली असते आणि १५ गुणांचं अंतर म्हणजे एक पायरी. तुमचा मुलगा पुढे गेला, पण त्याच्या वयाची मुलं त्याहून भराभर पुढे गेली, म्हणून अंतर वाढलं आणि आकडा उतरला. ‘घट’ हा शब्द लिहिणाऱ्याने दोन मिनिटं थांबायला हवं होतं. त्याच चाचणीत ‘ग्रोथ स्केल व्हॅल्यू’ असा वेगळा आकडा निघतो. तो मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करतो. तो मागून घ्या, तो वर गेलेला दिसेल अशी माझी अटकळ आहे. (तुलनेचा आकडा २० च्या खाली जातच नाही. ज्या मुलांची अक्षमता फार तीव्र आहे, ती दोन वर्षांत कितीही शिकली तरी २० चे २० च राहतात. अशा घरी अहवाल द्यायला जाताना माझे पाय जड होतात.)

बटणांचंच घ्या. अशा कामाला २, १, ० असे गुण असतात : नेहमी जमतं, कधीकधी किंवा थोडं जमतं, जमत नाही. माझ्याकडच्या एका मुलाला समोरून कुणी कापड ताणून धरलं तर खालचं एक बटण लागायचं. मी १ दिला. वर्षभराने तो डाव्या हाताने स्वतः काठ धरायला लागला, अंगठ्याने बटण अर्धं आत ढकलून दुसऱ्या बाजूने चिमटीत पकडायचं हे त्याला उमगलं, चार बटणं लागायला लागली. कॉलरजवळचं मात्र दिसत नाही म्हणून राहायचं. मी काय देणार? १. वर्षभराच्या मेहनतीवर फॉर्मने कूस बदलली नाही.

यावर एक जुना उपाय आहे. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी १९६८ साली मानसिक आरोग्यसेवेच्या कामासाठी ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ मांडलं. आधी घरच्यांना विचारायचं, काय जमलं तर फरक पडेल? मग त्या एकाच गोष्टीच्या पाच पायऱ्या लिहायच्या, उणे २ पासून अधिक २ पर्यंत. या मुलाची शिडी आम्ही नंतर अशी केली : दुसऱ्याने कापड धरलं तर एक बटण, हे उणे २. कुणी न धरता एक, हे उणे १. न धरता तीन, ही अपेक्षा, म्हणजे शून्य. कॉलरचं सोडून सगळी, अधिक १. आणि ‘चल, आवर’ एवढं सांगून आई खोलीबाहेर गेली तरी शर्ट पूर्ण, हे अधिक २. शेवटची पायरी आईने लिहायला लावली. मी बटणं मोजत बसले होते, तिला खोलीबाहेर जाता यायला हवं होतं.

यात चलाखीला वाव आहे, हेही सांगून टाकते. पायरी सोपी लिहिली की यश हातचं. एकदा एका मुलीसाठी ‘एका जागी दोन मिनिटं बसणं’ हे मी शून्यावर लिहिलं आणि ती पहिल्याच आठवड्यात अधिक २ वर जाऊन बसली. औषध तेव्हा सुरूही झालं नव्हतं! तेव्हापासून शिडी लिहिली की अभ्यासाबाहेरच्या सहकाऱ्याला दाखवते, आणि शेवटी गुण देणाऱ्याला कुणाला औषध मिळालं हे कळू देत नाही.

मी २६ वर्षांचा, ऑटिस्टिक. नोकरी करतो. एका अभ्यासात माझ्याबद्दलची प्रश्नावली माझ्या आईला भरायला दिली, मी शेजारीच बसलो होतो. त्यात ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतो का’ असा प्रश्न होता. आईने ‘हो’ लिहिलं. मला ते जमतं कारण मी भुवयांच्या मधे बघायचं शिकलोय, आणि संध्याकाळपर्यंत त्याने डोकं उठतं. तुमच्या हिशेबात ही सुधारणा का?

हिशेबात सुधारणाच धरली गेली असणार. तुमच्या डोक्याचा रकाना तिथे नव्हता.

शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून फॉर्म पलीकडे देण्याचं काम मी अनेक वर्षं केलंय. त्यामागे एक गृहीत होतं : ज्याला संवादाची अडचण, त्याला स्वतःबद्दल काय सांगता येणार? १२ वर्षांच्या एका मुलाने ते माझ्यापुरतं मोडलं. त्याच्या आईने ध्येय सांगितलं होतं ‘पूर्ण वाक्यात बोलणं’. मी सहज चित्रांची पत्ती मांडली आणि विचारलं, रोजच्यातलं काय बदलायला हवंय? त्याने स्वच्छतागृहाचं चित्र उचललं. आम्हाला वाटलं, जायचंय. तो जागचा हलेना. शेवटी त्याने चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि दोन्ही कान दाबले. भिंतीवरचं हात वाळवायचं यंत्र. त्याच्या आवाजापायी तो शाळेत दिवसभर लघवी दाबून धरायचा. अभ्यासातल्या एकाही फॉर्मवर ते नव्हतं. वर्गशिक्षिकेने यंत्र बंद करून घेतलं, दोन दिवसांत काम झालं. पूर्ण वाक्यं अजून आलेली नाहीत.

डोळ्यांच्या प्रश्नावर तुम्ही एकटे नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दुहेरी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसा इतरांनाही तो कळत नाही, पण कमतरता मात्र एकाच्याच खात्यावर लिहिली जाते. भुवयांच्या मधे बघण्यासारखा मुखवटा किती चढवावा लागतो, हे मोजणारी २५ प्रश्नांची ‘कॅट-क्यू’ आता आहे, आणि ती माणूस स्वतः भरतो. माझं मत विचाराल तर ज्या अभ्यासात सामाजिक वागणुकीचे गुण वाढवायचा हेतू आहे, तिथे मुखवट्याचे आणि थकव्याचेही गुण शेजारी छापायला हवेत. एक वाढताना दुसरं वाढत असेल तर त्याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही.

स्वतः भरायचे फॉर्मही नीट केलेले नसतात, ते वेगळंच. ‘तुम्हाला अनेकदा अस्वस्थ वाटतं का?’ यावर एकीने मला विचारलं होतं, ‘अनेकदा म्हणजे दिवसातून किती? आणि झोपेतलं धरायचं का?’ मी हसले होते. प्रश्न तिचाच बरोबर होता. २००६ पासून चालणाऱ्या आस्पायर या गटात ऑटिस्टिक आणि इतर संशोधक बरोबरीने काम करतात. ते जुन्या प्रश्नावल्या शब्द न् शब्द तपासून संदिग्ध जागा बदलतात, शेजारी अर्थ देतात.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. साखरेची गोळी दिली तरी पालकांना मूल सुधारलेलं दिसतं, असं आम्हाला शिकवतात. मग पालकांच्या मतावर संशोधन उभं करणं अशास्त्रीय नाही का?

शिकवतात ते खरं आहे. १९९९ सालचा सिक्रेटिनचा अभ्यास मुळातून वाचा. एका संप्रेरकाच्या इंजेक्शनने ऑटिझम सुधारतो अशी हवा झाली होती. ६० मुलं घेतली, एकच मात्रा दिली, निम्म्यांना फक्त मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि गटांत फरक काही नाही. हे सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच.

पण यावरून ‘पालकांना विचारू नका’ असं म्हणशील, तर घाई होईल. २००९ मध्ये ऑटिझममधल्या पुनरावृत्तीच्या वागण्यावर सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाची चाचणी झाली, १४९ मुलांवर. तिथे सुधारणेचा शेरा तज्ज्ञ मारत होते. औषधाच्या गटात सुमारे ३३ टक्के सुधारले, प्लासीबोच्या गटात ३४. आशा पदवीधरांनाही लागते.

माझ्या मते फरक कुणाला विचारतो यापेक्षा काय विचारतो याने पडतो. ‘तिला किती वैताग आला?’ हे विचारलं की आई मुलीच्या मनात शिरून उत्तर देते, आणि तिथे आईची आशाही बरोबर शिरते. ‘काल तिने स्वतःचा हात किती वेळा चावला?’ याला डोळे पुरतात. औषध-नियामक या दोन उत्तरांत भेद करतात तो याचसाठी. पहिल्या प्रकाराबाबत ते नाखूश असतात, दुसरा चालतो. झोपेचं उदाहरण घे. ऑटिझम असलेल्या मुलांत मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या, शरीरात हळूहळू सुटणाऱ्या गोळीची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, १२५ मुलं, १३ आठवडे. पालक झोपेची रोजनिशी ठेवत होते : किती वाजता दिवा बंद, कधी डोळा लागला, कधी जाग. औषधाच्या गटात झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली, प्लासीबोच्या गटात ९ मिनिटांनी. लिहिणारे पालकच, आशा तीच. फरक तरी दिसला.

उलट फ्रॅजाइल एक्सचं बघ. उंदरांमध्ये फार चांगली वाटलेली औषधं माणसांच्या चाचण्यांत एकामागून एक पडली. मुख्य मोजमाप बहुतेक ठिकाणी ॲबरंट बिहेवियर चेकलिस्ट, म्हणजे त्रासदायक वागण्याची यादी, होतं, १९८५ सालचं, ५८ कलमांचं, संस्थांमध्ये राहणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या व्यक्तींसाठी केलेलं. औषधंच कुचकामी होती, की मापच चुकलं? माझा कल थोडाथोडा दोन्हीकडे आहे, आणि यावर मी सहकाऱ्यांशी पुष्कळ भांडले आहे. तुला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घे.

नातू ११ वर्षांचा, बोलत नाही. त्याचा फॉर्म मीच भरते, सून कामावर असते. ‘तो खूश असतो का’ हा प्रश्न कुठेच नसतो. मी समासात लिहून ठेवते. ते कुणी वाचतं का, की माझी आपली शाई वाया? (एक आजी)

आजी, खरं सांगू? समासातलं संगणकात जात नाही. खुणा जातात. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या ऑटिझमसाठी वापरल्या जाणाऱ्या मोजपट्ट्यांचा मोठा आढावा काही वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा पालकांनीही तुमचंच म्हणणं मांडलं होतं : मूल आनंदी आहे का, घाबरलेलं आहे का, हे मोजा. त्यासाठीच्या पट्ट्या तेव्हा फारशा हाती लागल्या नाहीत.

पण मी समास वाचते. माझ्याकडे एक निळी वही आहे, सहा वर्षांपासूनची. त्यात मी असं समासातलं उतरवून घेते. ‘आज दार वाजल्यावर स्वतः उठला.’ ‘हसला, पण आपल्यासाठी नाही, पंख्याकडे बघून.’ ‘रडली नाही, नुसती बसली, हे जास्त वाईट.’ मागच्या वर्षी एका नव्या अभ्यासाची प्रश्नावली ठरत होती, तेव्हा ती वही मी बैठकीला घेऊन गेले आणि त्यातल्या सात ओळी प्रश्न होऊन आत गेल्या. आणखी पुष्कळ ओळी जाऊ शकल्या असत्या. त्या कधी घडल्या हेच कळत नव्हतं, औषधाच्या आधी की नंतर. तेव्हा लिहीत राहा, फक्त दर ओळीपुढे तारीख घाला.